एकतीस पहारेकरी

मत्सर हा शब्द मला मराठीच्या पुस्तकातून कळला. आमच्या घरात त्याला पोटात दुखणं म्हणत, आणि ते दुखणं नेहमी दुसऱ्याला व्हायचं; भावकीतल्या कुणाला, शेजाऱ्याला, फार तर चुलतीला. आपल्यालाही ते होऊ शकतं हे मला दहावीच्या वर्षी समजलं, हरिपूरला, हळदीच्या पेवांशेजारच्या एका ऑफिसात, कॉम्प्युटरसमोर उभा असताना. आणि कारण काय, तर एक खेळ. आज माझी पलटणीतली नोकरी संपून पेन्शन सुरू झालेली आहे. साताऱ्यात एका कारखान्याच्या गेटवर मी खुर्ची टाकून बसतो, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या आणि ट्रकांची कागदं बघतो, आणि मधल्या वेळात हे लिहितो. फौजेतल्या माणसाचं म्हातारपण लवकर सुरू होतं. त्याच्या बरोबरीची माणसं बढतीच्या गोष्टी करत असतात तेव्हा हा गुडघ्याला तेल चोळत बसलेला असतो आणि मागचं आठवत असतो.

आमचं मूळ गाव मलकापूरच्या पलीकडं. थोडा ऊस होता, तो चुलता बघायचा. वडिलांना मी आप्पा म्हणायचो. आप्पा म्हणजे माझ्या लेखी वर्षातून एकदा येणारी हिरवी ट्रंक, तिच्यातला डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि अधूनमधून येणाऱ्या पत्रातल्या दोन ओळी : अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको. मी वाचायला शिकल्यापासून त्या ओळी कधी बदलल्या नाहीत. मग एक दिवस ते हवालदार म्हणून निवृत्त होऊन कायमचे घरी आले, आणि घरात नेमकं बसायचं कुठं हेच त्यांना महिनाभर कळेना. पुढच्या सोप्यात बसले तर आईला झाडायचं असायचं, मागच्या परड्यात बसले तर बायका धुणं धुवायला बिचकायच्या. चुलत्याशीही पटेना, कारण उसाला पाणी कधी द्यायचं यावर दोघांचं एकमत होत नव्हतं. शेवटी पलटणीतल्या कुणाच्या ओळखीनं हरिपूरच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं पहारेकऱ्याची नोकरी मिळाली आणि आम्ही तिघं बिऱ्हाड घेऊन सांगलीकडं आलो.

हरिपूरची पेवं आता नावालाच उरली आहेत, म्हणून सांगावं लागतं. तोंडाला अरुंद आणि पोटात रुंद असे ते जमिनीतले खोल खड्डे. त्यांत हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची, की हळद आत वर्षानुवर्षं जशीच्या तशी. वरून बघणाऱ्याला नुसतं मोकळं रान दिसायचं. म्हणजे आप्पांचा पहारा असा, की राखायची वस्तू डोळ्यांना दिसायचीच नाही. संध्याकाळी सहाला खाकी चढवून, पट्टा आवळून, थंडी असली तर माकडटोपी घालून, गळ्यात शिट्टी आणि हातात काठी घेऊन ते त्या रानात फेऱ्या सुरू करत. बुटांना नाल ठोकलेले होते. त्या नालांचा आवाज आमच्या दोन खोल्यांपर्यंत यायचा आणि तो आला की आई भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. मला मात्र लाज वाटायची. सरहद्दीवर राहिलेला माणूस आता हळकुंडं राखतो हे वर्गात कळू नये म्हणून मी वडील सिक्युरिटी ऑफिसर आहेत असं सांगायचो. माझी मुलगीही आज शाळेत तेच सांगते, हे मला ठाऊक आहे.

व्यापाऱ्याला सगळे अण्णा म्हणत. जैन माणूस, पांढराशुभ्र सदरा, आवाज कधी चढलेला नाही. त्यांचा मुलगा शीतल माझ्याच वर्गात होता. बाहेरच्या लोकांना शीतल हे मुलीचं नाव वाटतं. आमच्याकडं सांगलीभागात जैनांच्या घरोघरी शीतल नावाचे पोरगे सापडतील. अण्णांनी गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटर घेतला होता, पण त्यांचे म्हातारे दिवाणजी त्याला हात लावायला घाबरायचे. हात लावला आणि सगळं पुसलं गेलं तर, म्हणायचे. तेव्हा शीतलच्या आईनं कॉम्प्युटरला एक फुलाफुलांचा अभ्रा शिवला आणि चार वाजता दिवाणजी घरी गेले की तो अभ्रा काढून आम्ही दोघं खेळायचो. भिंतीला लोखंडी घडीच्या चार-पाच खुर्च्या लावून ठेवलेल्या असायच्या. त्यातल्या दोन आम्ही उघडायचो. हवेत हळदीची पूड असायची, तिच्यानं कीबोर्डची बटणं पिवळी पडली होती, आणि मागच्या शेडमध्ये हळद घासायचा मोठा ढोल दिवसभर घडघडत असायचा.

खेळाची सीडी मिरजेतून आणलेली, तिच्यावर पेनानं इंग्रजीत काहीतरी खरडलेलं. आम्ही त्याला जासूस म्हणायचो. काळा स्वेटर घातलेला एक गुप्तहेर, त्याला नाव नाही, कानात एका बाईचा आवाज, ती इंग्रजीत काम सांगणार : या तळात घूस, ती फाईल आण, तो माणूस सोडव. एकूण बारा मोहिमा. त्या खेळाचं आजही मी कौतुक करीन, आणि माझ्या कौतुकात तसं वजन आहे कारण नंतर मी वीस वर्षं बंदूक वापरली. बर्फावर पाऊल पडल्यावर करकर वाजायचं आणि पत्र्यावर पडल्यावर वेगळं. एकाच तळात शिरायला तीन-चार वाटा असायच्या. कुंपण कापा, नाल्यातून जा, ट्रकमागं लपून जा, तुमची मर्जी. दुर्बिणीनं आधी अर्धा तास टेहळणी केली तरी खेळ तुम्हाला घाई करायचा नाही. खोडीही तेवढ्याच. मोहीम पुरी झाल्याशिवाय खेळ जपून ठेवता यायचा नाही. शेवटच्या दारात मेलात तर पुन्हा पहिल्यापासून. पहारेकऱ्यांना कधी भिंतीपलीकडचं दिसायचं आणि कधी दहा पावलांवर पालथा पडलेला माणूस दिसायचा नाही. धोक्याची घंटा वाजली की एका छोट्या खोलीतून अठरा माणसं बाहेर पडायची. ती आत मावली कशी, याचा पत्ता नाही. आणि प्रत्येक मोहिमेनंतर एक तक्ता यायचा, तुमच्या नावानं : किती वेळा दिसलात, किती गोळ्या झाडल्या, किती मारले.

माझ्या तक्त्यात बावीस, पस्तीस, चाळीस असे आकडे असायचे आणि मला त्यांचा अभिमान होता. शीतलच्या तक्त्यात मारलेल्यांचा आकडा कायम शून्य. त्याच्या आईनं एकदा मागं उभं राहून खेळ बघितला होता आणि सांगितलं होतं, खेळायचं तर जीव न मारता खेळ. शीतलनं ते मुकाट ऐकलं. त्याला त्यात मोठं तत्त्व वगैरे दिसत नव्हतं. आईनं सांगितलंय म्हटल्यावर विषय संपला. तो घंटेची तार आधी कापायचा, पहारेकऱ्याची पाठ फिरेपर्यंत थांबायचा, मग चार पावलं, पुन्हा थांबायचा. मी शेजारी बसून जांभया द्यायचो. मी पाच मोहिमा उरकल्या तेव्हा तो दुसऱ्या मोहिमेत होता. लपाछपी खेळायला कॉम्प्युटर कशाला लागतो, म्हणून मी त्याला चिडवायचो आणि तो हसून सोडून द्यायचा.

एक दिवस आप्पा गोदामाची किल्ली न्यायला लवकर आले. मी खेळत होतो. बाप दारात उभा आहे हे कळल्यावर माझ्या अंगात आलं. अंगणातले सहा पहारेकरी मी श्वास न सोडता पाडले, आणि मान वळवून बघितलं. बंदूक म्हणजे त्यांचा विषय. पहिल्यांदाच आमच्या दोघांत काहीतरी समान निघालं होतं. आप्पा पडद्याकडं बघत म्हणाले, "बूट लय वाजत्यात तुजं. आनि बंदुकीची नळी दारातनं तुज्या आधी आत जातीया." एवढं बोलून किल्ली घेऊन गेले. त्या दोन वाक्यांनी मी आठवडाभर जळत होतो.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले तेव्हा शीतल खेळत होता. मी पाणी प्यायला उठलो होतो. परत येतो तर आप्पा माझ्या खुर्चीवर बसलेले, पुढं वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून. "थांब," ते शीतलला सांगत होते, "त्यो वळताना आधी खांदा हलवतोय. खांद्याकडं बग." शीतल थांबला, खांद्याकडं बघितलं, सरकला. दोघं एकदमच मागं टेकले. मी थोडा वेळ मागं उभा राहिलो आणि मग पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसलो. भिंतीला तीन खुर्च्या लावलेल्या होत्या. त्यातली एक उघडून मी बसू शकलो असतो, कुणी हात धरला नव्हता. पण बस म्हणून कुणी सांगितलंही नाही, आणि न सांगता बसायचं नाही असं मी ठरवून टाकलं. पुढचे सहा-सात महिने मी पोत्यावरच काढले.

आप्पा रोज चारला यायला लागले. ड्युटी सहाची, पण खाकी घालूनच यायचे. शीतलबरोबर ते त्या खेळाची अशी चिरफाड करायचे, की खेळ बनवणाऱ्यांनी ऐकली असती तर बरं झालं असतं. पहारेकरी रोज त्याच रस्त्यानं, तेवढीच पावलं मोजत चालतात, हे आप्पांना सहन व्हायचं नाही. पहारा असा देत नसतात, वळायची जागा बदलत राहायची असते, नाहीतर शत्रूला घड्याळ कशाला लागेल. त्यांना थंडीत हातमोजे दिलेले नाहीत. एकाही तळात चहाची सोय दाखवलेली नाही. कुत्रं नाही, आणि कुत्र्याशिवाय तळ कधी कुणी पाहिलाय? पण मनोरे कुठं बांधलेत ते बघ, म्हणायचे, एकाची नजर संपते तिथं दुसऱ्याची चालू होते, हे बरोबर जमवलंय. शीतल प्रश्न विचारायचा आणि आप्पा उत्तर द्यायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी तळांचे नकाशे काढले, बाण, वेळा, सावल्यांसकट. माझ्या आयुष्यात आलेल्या सगळ्या पत्रांत मिळून जेवढी वाक्यं असतील त्याच्यापेक्षा जास्त वाक्यं आप्पा एका संध्याकाळी त्या पोराशी बोलायचे. मी पोत्यावर बसून ती मोजत होतो. शीतल म्हणायचा "काका, ह्यो कोपऱ्यातला बगा की," आणि मला वाटायचं याचा बाप आहे ना घरी, पांढऱ्या सदऱ्यातला, जा की त्याच्याकडं.

गंमत अशी की पोटात दुखणारा घरात मी एकटाच नव्हतो. शीतलची आई कधी कधी डब्यातून चुरमुऱ्यांचं भडंग पाठवायची, त्यांच्या घरचं, लसूण न घातलेलं. आप्पा घरी येऊन त्याची तारीफ करायचे. आईचं भडंग म्हणजे लसूण ठेचून, करपवून, खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढणारं; गावी चुलती तिच्याकडून शिकून गेली होती. आईनं एक-दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "मग तितंच जेवत जावा की आवं. मी हितं कुणासाठी ठेचत बसलीया?" आईनं त्या दिवशी आमटीत लसूण दुप्पट घातला, आणि मी माझ्या बाजूनं कुणीतरी आहे या समाधानात दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

अकराव्या मोहिमेत शीतल अडकला. आप्पा सहाला ड्युटीवर गेले की खेळून मीही तिथपर्यंत आलो होतो, पण मला अडायचं कारण नव्हतं : मुख्य दरवाज्याची किल्ली एका पहारेकऱ्याच्या कमरेला होती, त्याला गोळी घातली की किल्ली मिळत होती. शीतलला गोळी घालायची नव्हती. त्यानं कुंपण, नाला, छप्पर सगळं बघितलं. खेळाची ही खोड आहे, इथं मारायलाच लागतं, असं मी पोत्यावरून सांगितलं आणि माझ्या आवाजात आनंद मावत नव्हता. तीन आठवडे ते दोघं त्या एका पहारेकऱ्याकडं बघत बसले. मग आप्पा म्हणाले, "किल्ली पहाऱ्याची असती, मानसाची न्हाई. बदलीच्या टायमाला त्यो ती खिळ्याला लावनार. आपुन थांबू." त्यांनी शीतलला ड्रमामागं बर्फात पालथं पडायला लावलं आणि हात बटणांवरून काढून घ्यायला सांगितलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पडद्यावर काहीही होत नव्हतं. ढोल घडघडत होता, बाहेर हमाल विडी ओढत होते, आणि दोन शहाणी माणसं न हलणाऱ्या चित्राकडं बघत बसली होती. वीस मिनिटांनी पहारेकऱ्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं, चौकीत गेला, किल्ली खिळ्याला लावली आणि आळस देत निघून गेला. दुसरा यायला थोडा वेळ होता. शीतल आत शिरला, किल्ली घेतली आणि बाहेर पडला. आप्पा उठून उभे राहिले. "ह्यो खेळ ज्यानं केलाय," ते म्हणाले, "त्येनं कवातरी पहारा दिलाय." आणि शीतलच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, पठ्ठ्या."

मीही पोत्यावरून अर्धा उठलो होतो, हे आज कबूल करतो. कुठल्या खेळात वीस मिनिटं काही न करण्याचं बक्षीस मिळतं? तो त्या खेळाचा सगळ्यात मोठा गुण होता आणि तो शोधायला खऱ्या जगातला एक पहारेकरी लागला, माझा बाप. पण त्या क्षणी मला फक्त ती थाप दिसली. ट्रंक घेऊन येणाऱ्या त्या माणसानं माझ्या पाठीवर अशी थाप कधी मारली होती, हे मी आठवून आठवून दमलो. शीतलच्या तक्त्यावर अकरा ओळी शून्य झाल्या होत्या. एकच उरली होती.

पण ती लगेच खेळायची नव्हती, कारण पर्युषण लागलं. शीतलच्या घरात ते दहा दिवस कडक असायचे, एक वेळ जेवण, देऊळ, पोथी. खेळ बंद. मग शेवटची मोहीम काकांबरोबर खेळू, असं सांगून तो गेला. आमच्या घरी गणपती बसलेला, गावाहून चुलता-चुलती आलेली, त्यामुळं आप्पाही ऑफिसकडं फिरकत नव्हते. मी मात्र चौथ्या दिवशी दिवाणजींकडून ऑफिसची किल्ली मागून घेतली. खुर्ची उघडून, अभ्रा काढून बसलो. माझ्या नावावर न जाता शीतलचं नाव उघडलं. हे रागाच्या भरात झालं असं म्हणता येत नाही, कारण जाताना वाटेत मी सगळं ठरवलं होतं. बाराव्या मोहिमेत मी लपलो नाही. घंटेची तार कापली नाही, उलट घंटा वाजू दिली, म्हणजे छोट्या खोलीतली सगळी बाहेर येतील. जो दिसेल त्याला गोळी घातली, जो पळाला त्याच्या मागं गेलो. शेवटी एक जण फाटकापाशी राहिला होता, पाठमोरा. त्याला सोडलं असतं तरी मोहीम पुरी झाली असती. तक्ता आला : मारले एकतीस. खेळानं ते शीतलच्या नावावर जपून ठेवलं, आणि खेळाची अजून एक खोड म्हणजे पुरी झालेली मोहीम परत उघडत नाही. अकरा शून्यांच्या खाली एकतीस. मी अभ्रा नीट घातला, खुर्चीची घडी करून भिंतीला लावली आणि घरी येऊन आरतीला टाळ वाजवला.

पर्युषण संपल्यावर जैन लोक क्षमावाणी करतात हे मला ऐकून माहीत होतं, पण आमच्या घरी त्यासाठी कुणी येईल असं वाटलं नव्हतं. शीतल आला. दहा दिवसांनी चेहरा उतरलेला, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. त्यानं आधी आप्पांपुढं हात जोडले, मग आईपुढं. आई गोंधळून पदर सावरत उठली. मग तो माझ्यापुढं उभा राहिला. "संभा," तो म्हणाला, "वर्सभरात माज्याकडनं कळत न कळत काय चुकलं असंल, तुला काय लागलं असंल, तर क्षमा कर." मी मान हलवली. तेव्हा बोलायची संधी होती. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण मला त्याही घडीला त्याचा रागच आला, की हा इथंही माझ्या पुढं गेला. चूक मी करायची आणि क्षमा मागून शहाणा हा ठरणार. मी म्हणालो, असू दे, काही नाही. तो हसला आणि आप्पांना म्हणाला, चला काका, आज शेवटची.

आम्ही तिघं ऑफिसात गेलो. दोन खुर्च्या उघडल्या गेल्या, मी पोत्यापाशी. शीतलनं आपलं नाव उघडलं. कानातली बाई काही बोललीच नाही; थेट तक्ता आला. शीतलनं तो वाचला, परत वाचला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, हे मी सांगतो कारण मी त्याच्याकडंच बघत होतो. "कॉम्प्युटरचं कायतरी बिगडलं वाटतं, काका," तो हळूच म्हणाला. आप्पा पडद्यावरचा आकडा बघत राहिले. एकतीस, असं त्यांनी ओठांत म्हटलेलं मला दिसलं. मग पट्टा आवळला, टोपी घातली, काठी घेतली. माझ्यासमोरून जाताना थांबले. मला वाटलं आता कानाखाली बसणार, आणि खरं सांगतो, बसली असती तर हलकं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "ड्युटीवरची मानसं हुती रं ती." आणि रानात गेले. थोड्या वेळानं त्यांच्या बुटांचे नाल वाजायला लागले, रोजच्यासारखे. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की इतके महिने मी कुणाला पाडत होतो, एकदा तर बापाच्या देखत, आणि त्याला शीतलचा खेळ का आवडत होता.

त्यानंतर मी ऑफिसात पाऊल टाकलं नाही. मला कुणी ये म्हणालं नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. बारावीनंतर भरती झालो. मग आप्पांना पत्रं लिहायची पाळी माझी, आणि मीही दोनच ओळी लिहायचो. ते गेले तेव्हा मी हद्दीवर होतो, पोचायला उशीर झाला. शीतलनं खांदा दिला होता, तेही मला तेव्हा खुपलं. शीतल दरवर्षी क्षमावाणीला फोन करतो, मी कुठंही असलो तरी. दरवर्षी तेच वाक्य, आणि दरवर्षी मी म्हणतो, असू दे, काही नाही.

गेल्या वर्षी मुलीनं इंटरनेटवर तो खेळ शोधून काढला. तिला त्यातली माणसं पुठ्ठ्याची वाटली, ती हसत सुटली. मी अकराव्या मोहिमेपर्यंत गेलो, बऱ्याच जणांना न मारता, आणि ड्रमामागं पालथा पडून राहिलो. वीस मिनिटांनी त्यानं घड्याळ बघितलं आणि किल्ली खिळ्याला लावली. माझ्या जागीही रोज दोनला रिलीव्हर येतो तेव्हा मी गेटची किल्ली खिळ्याला लावतो. त्यानंतरच्या क्षमावाणीला शीतलचा फोन आला तेव्हा मी गेटवर होतो. त्याचं वाक्य सुरू व्हायच्या आधी मी म्हणालो, "शीतल, ती एकतीस मी मारली होती."

त्याच्या मागं ढोलाचा आवाज येत होता. "म्हाईत हाय की," तो म्हणाला. "काकांना बी म्हाईत हुतं. आमी परत पयल्यापासनं खेळलो की सगळं. सा म्हैनं लागलं. बाराव्या मोहिमंत बी शून्य आलं. तुला काका बोललं न्हाईत?"

नाही, म्हणालो. आणि इतक्या वर्षांनी, केस पांढरे झालेले, बाप जाऊन जमाना झालेला, तरी माझ्या पोटात तसंच दुखलं. सहा महिने. दोघंच. ते रोज सहाच्या ड्युटीला चारला निघायचे आणि मी घरात पुस्तक उघडून बसायचो. तोंडातून निघून गेलं, "दोघंच खेळायचा व्हय?"

"दोगंच," शीतल म्हणाला. "पर खुर्च्या तीन मांडायला लावायचं. मी म्हनायचो, काका, त्यो आता येत न्हाई, कशाला उगडायची. तर म्हनायचं, असू दे. मिटून ठिवली तर आल्यावर त्यो उबाच ऱ्हाईल."